न भिजवलेला साबुदाणा

एकदा एका बंदराच्या गावी एक वृद्ध आचारी राहत असे. धक्क्याजवळच्या अन्नछत्राची चूल त्याच्या स्वाधीन होती. गलबतांवरचे खलाशी, वाटेत अडकलेले प्रवासी, मागेपुढे कोणी नसलेली म्हातारी माणसे, सारी त्याच्या पंगतीला बसत. लोक त्याला आबा म्हणत. आबांच्या हाताला चव होती आणि जिभेला लगाम होता. हे दोन्ही एका माणसात क्वचितच सापडते.

आबांचा एक शिष्य होता. मिसरूड फुटताना आला होता, आता चांगला बाप्या झाला होता. भाताच्या वाफेवरून तांदूळ नवा की जुना हे सांगे, आणि सांगितल्याशिवाय राहत नसे. आपल्या हातचे खाऊन कोणी नुसते उठून गेले, बरे-वाईट काहीच बोलले नाही, तर त्याचा दिवस फुकट जाई.

पंगतीच्या अग्रभागी एक रुंद सागवानी पाट मांडलेला असे. दर पौर्णिमेला गावचा बडा व्यापारी पंगतीला येऊन त्या पाटावर बसे. अन्नछत्राचे धान्य त्याच्या वखारीतून येई, म्हणून पाट त्याचा. पाट देखणा होता, पण एका बाजूची पट्टी झिजल्यामुळे डुगडुगत असे. शेठ यायच्या आधी शिष्य त्या पट्टीखाली करवंटीचा एक तुकडा सरकवून ठेवी. शेठना वाटे, आपण स्थिर बसलो आहोत.

तो पाट ज्याने घडवला होता, त्याचीच ही गोष्ट.

तो चीन देशीचा सुतार होता. तरुणपणी एका परदेशी जहाजावरून आजारी म्हणून ह्या किनाऱ्यावर त्याला उतरवून ठेवले होते. जहाज निघून गेले, ते परत आले नाही. हा बरा झाला आणि इथेच राहिला. बंदरातली निम्मीअधिक गलबते त्याच्या हातची. फळी फळीला अशी बसवी की मधून केसही जाऊ नये. गावाची भाषा तो गावासारखीच बोले, शिव्यांसकट. गाव त्याला ‘चिनी मेस्त्री’ म्हणे आणि लग्नाकार्यात आधी बोलावी, कारण मांडवाचे खांब तोच रोवायचा.

मग दूर कुठेतरी, ह्या गावातल्या कोणी पाहिलेल्या नाहीत अशा डोंगरांत, दोन राजांची लढाई जुंपली. त्यांतला एक राजा मेस्त्रीच्या देशाचा होता. झाले. गावाला शत्रू हवाच असतो, आणि तो चालत जाण्याच्या अंतरावर सापडला तर डोंगर कोण चढतो? बड्या व्यापाऱ्याने फर्मान काढले, “परक्या माणसाच्या हाती हत्यारं ठेवणं बरं नव्हे.” मेस्त्रीची पेटी उचलून शेठच्या वखारीत कुलूपबंद झाली. आत काय होते? लाकूड तासायला वाकस, रंधा, करवत, चार पटाश्या. रंधा मारून कोणी राज्य घेतल्याचे अजून ऐकिवात नाही. पण ज्यांच्या घरचे दरवाजे त्याने बसवले होते, त्यांच्यापैकी एकानेही तोंड उघडले नाही. गावाने त्याच्या नावातला ‘मेस्त्री’ काढून घेतला आणि ‘चिनी’ तेवढा ठेवला.

लढाई संपली. राजांनी एकमेकांना नजराणे धाडले. पेटी मात्र वखारीतच राहिली.

मेस्त्री भांडला नाही. खाडीकाठच्या आपल्या झोपडीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आधी चूल थंडावली, मग तो उठेनासा झाला. हे कानी आल्यावर आबांनी शिष्याच्या हाती ताट पाठवायला सुरुवात केली. ताट जाई तसे परत येई. कधी एखादा घास मोडलेला असे, बहुधा तोही नसे.

शिष्याला ह्याचा फार राग येई. “आबा, आमटीला काय झालंय सांगा. खलाशी बोटं चाटतात. आणि ह्या महाशयांना वास घेणंसुद्धा जड जातं!”

“आजारी माणूस आहे रे.”

“कसला आजार? वैद्यांनी नाडी पाहिली, म्हणाले काही नाही. उपाशी राहून मरायचं ठरवलंय त्याने. आणि तेसुद्धा माझ्या ताटावर!”

आबांनी चुलीतले निखारे पुढे ओढले. मग म्हणाले, “उद्या गेलास की त्याला विचार, काय खावंसं वाटतंय. आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नकोस.”

दुसऱ्या दिवशी शिष्याने झोपडीच्या दारात बैठक मारली आणि विचारले. उत्तर येईना. खाडीचे पाणी चढले, उतरू लागले. अखेर भिंतीकडून आवाज आला, अगदी बारीक, जणू बोलणारा दुसऱ्याच कोणाशी बोलत असावा.

“आमची आई करायची. अळूचं. नारळाच्या रसात. साबुदाणा घालून. गोड.”

शिष्य पळतच परतला. सांगताना त्याला हसू आवरेना. “आबा, अळूचं गोड! ऐकलंत का कधी? मी म्हटलं, बाबा रे, फतफतं गोड करू की काय तुझ्यासाठी?”

“पान नसेल. कंद असेल,” आबा म्हणाले. “करशील?”

“हे काय विचारणं झालं? अळू मला येतो, साबुदाणा मला येतो, नारळाचा रस तर रोजचा. तिन्ही एकत्र केले की झालं.”

शिष्याने जीव ओतून केले, हे मान्य करायला हवे. साबुदाणा स्वच्छ धुऊन रात्रभर भिजत घातला, कारण साबुदाणा भिजवल्याशिवाय चुलीवर चढत नाही हे ह्या प्रांतात तान्ह्या पोरालाही ठाऊक. अळूचे कंद सोलून चिरले आणि शिजताना त्यांत चिंचेचा कोळ घातला, कारण अळू घशाला खाजतो आणि चिंचेवाचून ती खाज मरत नाही, हेही सर्वांना ठाऊक. मग गूळ, वेलदोडा, वर जायफळ. सगळे नारळाच्या रसात सोडून त्याने खालचा जाळ वाढवला. चिंचेमुळे रस फाटला. भिजलेला साबुदाणा उकळीत विरघळून गेला आणि सगळ्याचा लगदा झाला. वास मात्र असा दरवळला की त्याला वाटले, हे असेच असत असेल. चिनी पदार्थ, कोणी सांगावे?

वाडगे घेऊन तो गेला. मेस्त्रीने मान वळवली. वास घेतला. बोटाच्या टोकाने जरासे चाखले. आणि इतके दिवस कूस न बदललेला तो माणूस कोपरावर रेटा देऊन उठून बसला.

“हे काय आहे?”

“तुम्हीच मागितलंत ते.”

“आंबट! अळू आंबट? आणि ही खळ कसली केलीस? पतंगाला लावायची आहे का? माझी आई हे बघती तर तुला ह्याच पळीने बडवती. जा, घेऊन जा!”

एवढे बोलून त्याला धाप लागली आणि तो पुन्हा भिंतीकडे वळला.

शिष्य परतला तो संतापाने लाल होऊन. वाडगे त्याने ओट्यावर आदळले. “मरू दे त्याला! आबा, मी उद्यापासून जाणार नाही. खळ म्हणाला! माझ्या हातच्याला खळ!”

आबांनी वाडग्यात बोट बुडवून चाखले. “आहे खरी खळ. बरं, मला सांग, हे तो झोपून म्हणाला की बसून?”

“झोपून कसला? ताडकन उठला. अंगावर धावला म्हणा ना.”

“उठला?”

“हो तर! आणि आवाज तरी केवढा! इतके दिवस नाटक करीत होता मेला.”

आबांचा चेहरा उजळला. शिष्याला वाटले, आपली फजिती ऐकून म्हाताऱ्याला आनंद झाला. तो रुसून लाकडे फोडायला निघून गेला. आबा मात्र स्वतः उठले, साबुदाण्याचे मडके उघडले, मूठभर साबुदाणा वाटीत घेतला आणि त्यात पाणी ओतून ठेवले.

सकाळी आबांनी दोन टोपल्या भरल्या. एकीत भिजलेला साबुदाणा, अळूचे कंद, चिंच, नारळ. दुसरीत पुन्हा तेच, फक्त साबुदाणा कोरडा, चिंच नाही, आणि वर खडीसाखरेची पुडी. शिष्याने विचारले, “एवढं दुप्पट कशाला?” आबा म्हणाले, “असू दे.” विळी, परात, चाळणी, दोन पातेली आणि पळी घेऊन दोघे खाडीकाठी गेले. झोपडीच्या अगदी दारासमोर, आतून दिसेल अशा ठिकाणी, आबांनी तीन दगड मांडले आणि चूल पेटवली.

आत मेस्त्री भिंतीकडे तोंड करून पडला होता.

आबा मोठ्याने म्हणाले, “अरे, तो साबुदाणा दे इकडे. छान भिजलाय.”

शिष्य कुजबुजला, “आबा, काल ह्यानेच तर बिघडलं. तो खळ म्हणाला ना?”

“तू गप्प बस.” आणि पुन्हा मोठ्याने, “वा! कसा फुगलाय बघ एकेक दाणा!”

आतून आवाज आला, “भिजवलाय?”

“हो मेस्त्री. रात्रभर.”

 मग, “कशाला?”

“साबुदाणा भिजवतातच ना?”

“तुमची एकादशी आहे का आज?” आतला आवाज म्हणाला. खाट करकरली. बास, तेवढेच.

आबांनी अळू चिरून पातेल्यात टाकला. मग चिंचेचा गोळा हातात घेऊन उंच धरला, बाजारात दागिना दाखवतात तसा. “आता चिंच. खाज मरायला हवी.”

“चिंच नको!” मेस्त्री दारात आला होता. एका हाताने चौकट धरली होती. “अहो, नारळाचा रस फाटेल ना! अळू वाफेवर पुरता शिजवला की खाज जाते. कच्चा ठेवला तर खाजतो. तुमच्यासारख्याला हे सांगावं लागतं?”

“असं होय,” असे म्हणून आबांनी चिंच पातेल्यात सोडून दिली.

शिष्याला शरमेने मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्या माणसाकडून साऱ्या किनारपट्टीने रस्सा शिकला, तो भर उजेडात, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत, नवशिक्या सुनेसारखा चुकत होता. म्हातारपण हे असे येते की काय? कालपर्यंत तर ठीक होते. त्याने आबांच्या हातून पातेले घ्यायचा प्रयत्न केला, तर आबांनी त्याच्या मनगटावर पळीच मारली. मग त्यांनी नारळाचा घट्ट रस पातेल्यात ओतला आणि खाली सुकलेल्या झावळ्या सारल्या. जाळ भडभडून वर आला.

“अहो आबा!” मेस्त्री ओरडला. “अक्कल कुठे गहाण टाकलीत? रसाखाली एवढा जाळ? सरका. सरका म्हणतो ना!”

आणि तो चौकट सोडून, तीन पावले चालत, चुलीपाशी आला. बसला. आबांच्या हातातली पळी त्याने हिसकावून घेतली. पातेले बाजूला ओढून पाहिले, तोंड वाकडे केले आणि सगळे खाडीत ओतून दिले.

“आता?” आबांनी हात जोडून विचारले. खरोखरच जोडले होते हात. “दुसरं सामान आहे ह्या टोपलीत. पण आम्हाला ते येत नाही, मेस्त्री.”

मेस्त्रीने दुसरी टोपली पाहिली. कोरडा साबुदाणा तळहातावर घेऊन रगडला, फुंकर मारली. अळूचा कंद वाजवून पाहिला, जसा एके काळी फळी वाजवून पाही. मग म्हणाला, “बघा नीट. पुन्हा सांगणार नाही.”

त्याने अळूचे सारख्या आकाराचे तुकडे केले. इतके सारखे, की शिष्य पाहतच राहिला. तुकडे चाळणीत ठेवून वाफेवर चढवले. ते शिजताच दुसऱ्या पातेल्यात भरपूर पाण्याला खळखळून उकळी आणली आणि त्यात साबुदाणा कोरडाच्या कोरडा सोडला. शिष्याचा हात नकळत पुढे झाला, जणू कोणी पोर विहिरीत पडले.

“विरघळेल तो!”

“भिजवलेला विरघळतो, मेल्या. त्याने आधीच पोटभर पाणी प्यायलेलं असतं. हा तहानलेला आहे. हा टिकतो. ढवळ तू, तोंडाकडे काय बघतोस? तळाला लागला तर तुलाच खायला घालीन.”

शिष्य ढवळू लागला. दाणे हळूहळू काचेसारखे होत गेले. प्रत्येकाच्या मधोमध एक पांढरा ठिपका मात्र उरला.

“आता उतरव आणि झाक.”

“अजून कच्चा दिसतोय.”

“उतरव म्हणतो ना. जाळाने करायचं ते झालं, उरलेलं झाकण करतं. जा, विहिरीचं पाणी आण. गार हवं. असा सुस्तावून काय चालतोस, धाव!”

शिष्य धावला. धावताना मनात धुमसत होता: कालपर्यंत मरत होता, आज मला पळवतोय. परत आला तोवर कुंपणापाशी चार माणसे जमली होती. झाकण काढले तर पांढरे ठिपके नाहीसे झालेले. गार पाण्यात दाणे मोकळे झाले आणि माशाच्या डोळ्यांसारखे चमकू लागले. मेस्त्रीने वाफवलेला निम्मा अळू पळीच्या पाठीने चेचला, निम्मा तसाच ठेवला.

“सगळाच का नाही चेचत?” ह्या वेळी आबांचा प्रश्न खरा होता. शिष्याला त्यांच्या डोळ्यांवरून कळले.

“सगळा चेचला तर दातांनी काय करायचं? आणि नाहीच चेचला तर रसाला अंग कुठून येणार?”

मंद निखाऱ्यावर पातळ रस, त्यात खडीसाखर, चेचलेला अळू, मग तुकडे, मग साबुदाणा. घट्ट रस सगळ्यांत शेवटी, आणि तो पडताच पातेले खाली. वेलदोडा नाही, जायफळ नाही. फक्त चिमूटभर मीठ. रंग फिकट जांभळा झाला, पहाटे खाडीवर असतो तसा.

कुंपणापाशी आता गर्दी झाली होती. पाटी डोक्यावर घेतलेली एक कोळीण पुढे घुसली. “काय रे मेस्त्री, तू गेलास म्हणत होते लोक!”

“गेलो असतो तर तुला हे कोण घालणार होतं? ये, बस. पाटी लांब ठेव, वास येतोय.”

“माझ्या माशांना नाव ठेवतोय बघा! बरा झाला हा.”

‘मेस्त्री’ हा शब्द तिने सहज उच्चारला होता. पण शिष्याने पाहिले, पळी धरलेला हात क्षणभर थांबला आणि मग पुन्हा चालू लागला.

भांडी पुरेनात, म्हणून करवंट्या आल्या. मेस्त्री एकेक करवंटी दोन्ही हातांनी धरून देत होता, देवाला नैवेद्य दाखवावा तशी, आणि घेणाऱ्यानेही आपोआप दोन्ही हात पुढे केले. शिष्याला मिळाली तेव्हा त्याने नाक मुरडूनच पहिला घोट घेतला. मग दुसरा घेतला. साबुदाणा जिभेवरून घरंगळला, अळू विरघळला, आणि त्याला आपले काल केलेले आठवून कानांच्या पाळ्या तापल्या.

“कसं आहे?” मेस्त्रीने दरडावून विचारले.

शिष्याला तो प्रश्न ओळखीचा वाटला. आपणही असाच तर विचारतो.

“काल मी केली ती खळच होती,” तो म्हणाला.

मेस्त्री हसला. सगळ्यांना वाढून झाल्यावर त्याने पातेले मांडीवर घेतले, तळाचे सारे खरवडून काढले आणि खाल्ले. सावकाश, शेवटच्या दाण्यापर्यंत. मग बोटही चाटले.

परतीच्या वाटेवर टोपल्या रिकाम्या होत्या.  शिष्याला राहवेना.

“आबा, तुम्ही मुद्दाम चुकत होता.”

“साबुदाणा, चिंच, जाळ, सगळं मुद्दाम केलं. तेवढं पाप माझ्या माथी. पण बाकी खोटं काय होतं? त्याच्या आईच्या हातचं मला येत होतं का? तुला येत होतं? आपल्याला येत नाही, एवढंच मी झाकून ठेवलं नाही.”

“पण लोकांदेखत त्याने तुम्हाला वाटेल तसं बोलून घेतलं!”

आबा रस्त्यात थांबले. “ऐक. आपण त्याच्या दारात रोज ताट ठेवत होतो. काय होतं त्या ताटात? भात होता, आमटी होती, आणि त्याबरोबर एक निरोप होता: तू आता कोणाच्या उपयोगाचा नाहीस, हे घे, पडून खा. ज्याने उभं गाव छपराखाली आणलं, त्याच्या घशाखाली हा निरोप कसा उतरावा? त्याची पेटी नेली तेव्हा त्याची उपजीविका गेली असं आपल्याला वाटलं. अरे, गेलं ते दुसरंच. लोक त्याला विचारायचे, ‘मेस्त्री, हे कसं करायचं?’ ते विचारणं गेलं. तुझ्या खळीने मला वाट दाखवली. दयेने जो कुशीवर वळत नव्हता, तो चूक पाहून उठून बसला. म्हणजे आत जाळ होता. त्यावर भलतंच काही न ओतता नुसतं झाकण काढायचं होतं.”

“मग आता तो वाचेल?”

“आज जेवला. उद्याचं माहीत नाही. रोज रोज मी साबुदाणा बिघडवून भागणार नाही. त्याची पेटी अजून वखारीत आहे.” आणि आबा चालू लागले.

त्या रात्रीपासून शिष्याच्या डोक्यात ती पेटी बसली. ताट नेणे सोपे होते. पेटी मागायला शेठच्या दारात जायचे, म्हणजे अन्नछत्राच्या धान्यावर संकट ओढवून घ्यायचे. शेठकडे कोणी काही मागितले की शेठ ते कधीच देत नसत. हट्टच होता तसा. तिकडे मेस्त्री चार दिवस उठून बसला, पण हात रिकामे होते. पाचव्या दिवशी तो पुन्हा भिंतीकडे वळलेला दिसला.

पौर्णिमा आली. शेठ आले ते घुश्शातच. धोतराचा सोगा सावरीत सागवानी पाटावर बसले आणि तोफ डागली.

“आबा, माझ्या अन्नछत्राचा आचारी त्या चिन्याच्या दारात चूल मांडतो म्हणे?”

“मांडली होती खरी. शिकायला गेलो होतो.”

“शिकायला! उद्या तो विष घाली—”

पाट डुगडुगला. शेठचा तोल गेला, त्यांनी हात जमिनीवर टेकला, वाक्य अर्धेच राहिले. सावरून बसले.

“मी काय म्हणत होतो, परक्या माण—”

पाट दुसऱ्या बाजूला कलला. द्रोणातली आमटी थेट धोतरावर आली. पंगतीतल्या खलाशांनी माना खाली घातल्या. कोणाला तरी भलताच ठसका लागला.

“अरे, काय हा पाट! इतकी वर्षं ठीक होता!”

शिष्य पुढे झाला. चेहरा त्याने गायीसारखा गरीब केला होता. “झिजलाय, शेठ. पट्टी बदलायला हवी.”

“मग बदलून घे ना!”

“घेतो. पण कशी बदलायची, आम्हाला येत नाही. हा सांधा वेगळाच आहे. गावात दोघांना दाखवला, ते म्हणाले, तोडावा लागेल.”

“तोडायचा? माझा पाट? सोन्यासारखा पाट आहे हा! नव्या होडीला पाणी लागलं तेव्हा खास करून घेतला होता.” शेठ उठायला गेले, पाट पुन्हा हलला, आणि ते चिडून म्हणाले, “अरे, मेस्त्रीला सांग ना!”

पंगतीतले हात पानावरच थांबले. शेठच्याही ते लक्षात आले असावे. जीभ जुन्या वळणाने गेली होती.

शिष्य तितक्याच गरीबपणे म्हणाला, “सांगतो, शेठ. पण त्याची पेटी तुमच्या वखारीत आहे.”

शेठनी त्याच्याकडे पाहिले, आबांकडे पाहिले, धोतरावरच्या आमटीकडे पाहिले. सगळी पंगत त्यांच्याकडे पाहत होती. त्यांतले निम्मे खलाशी होते, आणि मेस्त्री आडवा झाल्यापासून त्यांची गलबते गळत होती, शेठची सगळ्यांत जास्त.

“घेऊन जा,” शेठ खाली मान घालून भात कालवीत म्हणाले. “पाटापुरती.”

“हो शेठ. पाटापुरती.”

शिष्य वळला तर समोर आबा उभे. आबांची नजर त्याच्या उजव्या मुठीवर होती. मुठीतून करवंटीच्या तुकड्याची कड बाहेर डोकावत होती.  त्यांनी आपली पळी शिष्याच्या हाती दिली, तुकडा अलगद काढून घेतला, चुलीत टाकला, आणि वाढण्याचे काम त्याच्यावर सोपवून स्वतः जेवायला पंगतीच्या शेवटी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य पाट आणि पेटी घेऊन झोपडीच्या दारात उभा राहिला. “मेस्त्री, हा डुगडुगतोय. कसा करायचा, आम्हाला येत नाही.”

मेस्त्री भिंतीकडे तोंड करून पडला होता. मग खाट करकरली.

“उलटा कर बघू,” आतून आवाज आला. “उजेडात धर, मेल्या. उजेडात!”

पाटापुरती दिलेली ती पेटी परत मागायला वखारीतून कोणी आले नाही. थोड्याच दिवसांत खाडीकाठी वाकस चालल्याचा आवाज येऊ लागला. आजही त्या अन्नछत्रात साबुदाणा कोरडाच उकळीत सोडतात, आणि नव्या माणसाने हात आखडला की कोणीतरी त्याला ही गोष्ट सांगते.

आपल्या गल्लीतही असे कोणी भिंतीकडे तोंड करून पडले असेल, तर त्याच्या दारात ताट जरूर न्यावे, पण त्याआधी एकदा त्याला विचारून पाहावे, “हे कसं करायचं असतं?”